तांब्यावर कोरलेला चेहरा : नवअभिजात शैलीतील पदकचित्र कसे घडवावे

पाचशे रुपयांची शक्य तितकी कोरी नोट घ्यावी, दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याशी धरावे आणि महात्मा गांधींच्या गालाकडे निरखून पाहावे. नुसत्या डोळ्यांना सलग आणि मऊ वाटणारी छाया भिंगाखाली नाहीशी होते आणि तिच्या जागी केवळ रेषा आणि ठिपके उरतात. त्याच जागेवरून बोट फिरवले तर शाईचा उठाव हाताला लागतो. चेहरा अशा रेषांत मांडण्याची रीत सतराव्या शतकात पॅरिसमध्ये रोबेर नांतेय आणि त्याच्या समकालीनांनी घडवली. पुढे हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) येथील उत्खननांनी युरोपला ग्रीक-रोमन कलेची नव्याने ओढ लावली, तेव्हा त्या ओढीतून आलेल्या नवअभिजात शैलीच्या उत्कीर्णकांनी, म्हणजे धातूवर चित्र कोरणाऱ्यांनी, या रीतीला अतिशय काटेकोर शिस्त आणली. योहान गेओर्ग विले, त्याचा शिष्य शार्ल-क्लेमाँ बेर्विक आणि इटलीतला राफाएल मोर्गेन यांची छापचित्रे पाहिली की ही शिस्त लगेच ओळखू येते, कारण त्यांत एकही रेषा कुठे निघाली आणि कुठे संपली याबद्दल संशय राहत नाही.

हा लेख ज्यांनी अम्लरेखन (आम्लाने धातूवर रेषा खोदणे), ड्रायपॉइंट (सुईने थेट धातूवर ओरखडणे) किंवा लिनोकट (लिनोलियम कोरून छापणे) यांपैकी काहीतरी केलेले आहे आणि ज्यांना आता आम्लाच्या मदतीशिवाय, थेट तांब्यावर, कोरणीने व्यक्तिचित्र करावयाचे आहे त्यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे सर्व तिच्यावरच उभे आहे. या शैलीत रेषा कोरताना शोधायची नसते. ती आधी कागदावर ठरवायची असते. चित्र बिघडते ते बहुतेक वेळा हात कमी पडल्यामुळे नव्हे, तर पत्रा समोर येईपर्यंत गालावरची रेषा कोणत्या बाजूने वळणार हे ठरलेलेच नसल्यामुळे.

काय कोरावे

पहिल्या प्रयत्नासाठी बेर्विकने १७९०मध्ये चित्रकार काले याच्या चित्रावरून कोरलेल्या सोळाव्या लुईच्या पूर्णाकृतीसारखे काही मनात धरू नये. त्यातील मखमल, साटीन आणि केसाळ फर यांच्यासाठी वेगवेगळ्या रेषापद्धती लागतात आणि त्या साधायला वर्षे जातात. या शैलीनेच आपल्याला एक सोपा आणि तितकाच देखणा नमुना दिलेला आहे, तो म्हणजे गोल पदकातील एका बाजूने दिसणारा चेहरा. शार्ल-निकोला कोशँ आणि ऑग्युस्तँ द सँत-ओबँ यांनी आपल्या काळातील लेखक, कलावंत आणि विद्वान यांची अशी कितीतरी पदकचित्रे केली. रोमन नाण्यांवरून आणि पदकांवरून घेतलेली ही मांडणी साधी आहे: गोल चौकट, वर कडी आणि फितीची गाठ, खाली दगडी पाटीवर नाव. एका बाजूने पाहिले की ओळख पटवणारे जवळजवळ सगळे कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या एकाच रेषेत येते. ही गोष्ट तेव्हा इतकी सर्वमान्य होती की जिल-लुई क्रेतियाँ याने १७८०च्या दशकात चेहऱ्याची ही कड यंत्राने उतरवून छोटी गोल छापचित्रे काढण्याची सोय केली आणि तिला भरपूर गिऱ्हाईक मिळाले.

नमुन्यासाठी छायाचित्र स्वतः काढावे. व्यक्तीपासून तीनेक मीटर दूर उभे राहून, झूम करून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवून अगदी काटकोनात एक बाजू टिपावी. जवळून काढलेल्या छायाचित्रात नाक पुढे येते आणि कान मागे पळतो. प्रकाश एकच हवा आणि तो चेहऱ्याच्या समोरून किंचित वरून यावा, म्हणजे कपाळ, नाक आणि ओठ उजळ राहतात आणि जबडा, कानामागचा भाग व मान छायेत जातात. मी पहिल्यांदा समाधानाने पूर्ण केलेले पदकचित्र माझ्या आजीचे आहे. तिचा अंबाडा या कामाला इतका अनुकूल ठरला की जणू तो रेषांसाठीच बांधलेला असावा. केसांच्या पेडांची दिशा हीच रेषांची दिशा होती आणि मला फक्त तिच्यामागून जायचे होते.

छायाचित्रावरून रेखाटन करताना वगळण्याचे काम धैर्याने करावे. बारीक सुरकुत्या, सुटे केस, कापडावरची नक्षी ही सर्व जाऊ द्यावीत. केसांचे पाच-सहा मोठे पुंजके करावेत आणि खांद्याखालचा भाग नाण्यावर असतो तसा एका स्वच्छ वळणाने छाटावा. मात्र नाकाचा उंचवटा, खालच्या ओठाची ठेवण, कानाच्या पाळीचा लोंबता भाग यांना हात लावू नये. अभिजात म्हणजे सगळ्यांना एकच ग्रीक नाक देणे असा समज करून घेतला तर चित्र सुबक होते, पण ते कोणाचेच राहत नाही.

पत्रा, कोरणी आणि धार

तांब्याचा पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा, आणि १२ बाय १५ सेंटिमीटर आकाराचा घ्यावा. त्यावर आठ सेंटिमीटर व्यासाचे पदक आणि खाली पाटी नीट बसते. पुण्याच्या तांबट आळीत किंवा कोणत्याही शहरातील धातूच्या बाजारात पत्रा मिळतो, पण लाटलेला, सपाट आणि ओरखडे नसलेला पत्राच मागावा. भांड्यांसाठी मठारलेल्या पत्र्यावर ठोक्यांचे उंचसखल भाग राहतात आणि कोरणी त्यांवर अडखळते. चारही कडा कानशीने ४५ अंशांत उतरत्या कराव्यात, नाहीतर छापताना त्या कागद आणि फेल्ट (दाबयंत्रात कागदावर घालायचे जाड लोकरी कापड) दोन्ही कापतात. नंतर बारीक पॉलिश पेपर पाण्याबरोबर वापरून आणि शेवटी ब्रासोसारख्या पॉलिशने पृष्ठभाग आरशासारखा करावा.

कोरणी, म्हणजे ब्युरिन, ही कडक पोलादाची सडपातळ कांब असते आणि तिच्या मागे भूछत्रासारखी, एका बाजूने सपाट केलेली लाकडी मूठ असते. कांबेचा छेद चौकोनी असेल तर रेषा रुंद आणि उथळ येते; छेद शंकरपाळ्यासारखा असेल तर ती अरुंद आणि खोल येते. दोन्ही जवळ असाव्यात, पण एकीवरच भागवायचे असेल तर चौकोनी घ्यावी. मूठ तळहाताच्या खळग्यात बसवल्यावर टोक बोटांच्या पुढे दोन सेंटिमीटरपेक्षा फार जाऊ नये. विकत आणलेली कोरणी बहुधा लांब असते, तिची मागची बाजू कापून घ्यावी.

धारेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे पहिले वर्ष याच अज्ञानात वाया गेले. कोरणीच्या पोटाच्या दोन बाजू, ज्या तांब्याला टेकतात, त्या आधी तेल लावलेल्या बारीक निसण्यावर अगदी सपाट ठेवून घासाव्यात. त्या किंचितही गोल झाल्या तर रेषा कधीच सरळ जात नाही. त्यानंतर समोरचे तोंड ४५ अंशांत धरून लहान गोल फिरवत घासावे. मनगट हलू द्यायचे नाही, पूर्ण हात फिरवायचा. टोक भिंगाखाली पाहावे: टोकाशी प्रकाशाचा ठिपका चमकला तर तिथे बोथटपणा शिल्लक आहे. दुसरी कसोटी अंगठ्याच्या नखाची आहे. टोक नखावर अलगद, जवळजवळ आडवे टेकवून पुढे सरकवावे. ते घसरले तर धार नाही, जागीच रुतले तर आहे. आजीच्या चित्राआधीच्या एका पत्र्यावर बोथट कोरणी मी जोराने ढकलत राहिलो, ती सुटली आणि गालापासून चौकटीपर्यंत एक लांब ओरखडा गेला. तेव्हापासून दर वीस-पंचवीस मिनिटांनी मी काम थांबवून नख पाहतो.

याशिवाय खरडण्यासाठी तिधारी स्क्रेपर, घासून दाबण्यासाठी गुळगुळीत बर्निशर, आणि चामड्याची, वाळू घट्ट भरलेली गोल उशी हवी. खिडकी आणि पत्रा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून बसवलेली एक चौकट तिरकी उभी करावी. तांब्यावरची चकाकी त्यामुळे मरते आणि रेषा दिसू लागतात. जुन्या कार्यशाळांतील चित्रांत ही चौकट हमखास आढळते.

रेषांचा आराखडा

आता खऱ्या कामाकडे येऊ. रेखाटन तिप्पट मोठे करून घ्यावे आणि त्याच्या चार छटा ठरवाव्यात, चारच. पहिली कोरा कागद, दुसरी नुसते ठिपके किंवा तुटक रेषा, तिसरी एकाच दिशेच्या रेषा, चौथी एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. प्रत्येक छटेची हद्द फिकट पेन्सिलने आखावी. नवअभिजात चित्रांत कोऱ्या कागदाला फार मोठी जागा असते. कपाळ, नाकाचा दांडा, गालाचे हाड येथे काहीच कोरलेले नसते आणि तरीही तेथे मांसलपणा जाणवतो, कारण आजूबाजूच्या रेषा त्या जागेकडे जाता जाता पातळ होत विरतात.

मग प्रत्येक भागासाठी मुख्य रेषा ठरवावी. चेहऱ्याभोवती दोरा गुंडाळला तर तो जसा वळेल तशी ती जावी. मानेवर ती कंठीसारखी आडवी आणि खाली झुकलेली असेल. गालावर ती कानापासून निघून तोंडाच्या कोपऱ्याकडे कमानीत येईल. जबड्याच्या हाडाखाली ती वळून मानेच्या रेषेत मिसळेल. दोन भागांच्या रेषा जिथे भेटतात तिथे शिवण दिसता कामा नये. यासाठी कपाळाच्या कडेपासून कानशिलावरून गालापर्यंत एकच प्रवाह काढून पाहावा आणि मग त्याला फाटे फोडावेत. केसांत रेषा पेडांच्या लांबीने जातात आणि जिथे पेड उजेडात वळतो तिथे त्या तुटतात.

छेद देणारी दुसरी रेषा मुख्य रेषेपेक्षा नेहमी बारीक असावी आणि तिचा कोन जपून निवडावा. काटकोनात छेदले की त्वचा गोणपाटासारखी दिसते. फार लहान कोनात छेदले की पाण्यावरच्या तरंगांसारखे नको असलेले पट्टे उमटतात. मला ५० ते ६० अंश सोयीचे वाटतात, कारण त्यातून शंकरपाळ्याच्या आकाराचे स्वच्छ कप्पे तयार होतात. त्या प्रत्येक कप्प्यात एक बारीक ठिपका ठेवला की छाया गडद न होता मऊ होते. शंकरपाळे आणि ठिपका ही जोडी म्हणजे या कलेची ओळखच आहे. नोटेवरच्या चेहऱ्यातही तिचा वारसा दिसतो. रेषांमधील अंतर चेहऱ्यावर मिलिमीटरला दोन इतके ठेवावे आणि पार्श्वभूमीवर थोडे अधिक मोकळे.

पार्श्वभूमी म्हणजे पदकाच्या आत, डोक्यामागे, आडव्या समांतर रेषांचा एक शांत पडदा. तो सर्वत्र सारखा ठेवू नये. उजळ कपाळ आणि नाक यांच्या मागे तो गडद असावा आणि छायेतल्या मानेमागे फिकट. असे केले की चेहऱ्याच्या उजळ बाजूला बाह्यरेषा काढावीच लागत नाही. पार्श्वभूमीच्या रेषा जिथे थांबतात तीच नाकाची कड ठरते. जॉन फ्लॅक्समनच्या होमरवरील रेखाटनांत, जी तोम्माझो पिरोलीने कोरली आणि १७९३मध्ये रोममध्ये निघाली, नेमके उलट आहे: तिथे छाया नाही, फक्त बाह्यरेषा आहे. दोन्ही मार्ग याच शैलीचे आहेत, पण एका चित्रात ते मिसळले, म्हणजे छायाही दिली आणि चेहऱ्याभोवती तारेसारखी रेषाही ओढली, तर चेहरा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

हा आराखडा मूळ आकारात लहान करून ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने उतरवावा. तापवलेल्या पत्र्यावर मेणाचा अगदी पातळ थर द्यावा, तो थंड झाल्यावर कागद पालथा ठेवून पाठीवरून बर्निशरने घासावे, म्हणजे चित्र आपोआप उलटे उतरते आणि छापल्यावर सुलटे येते. मग सुईने मेणातून फक्त कडा, छटांच्या हद्दी आणि प्रत्येक भागातील दोन-तीन मार्गदर्शक रेषा तांब्यावर हलक्या ओरखडाव्यात आणि मेण तारपिनाने पुसून टाकावे. कोशँ आणि सँत-ओबँ यांच्या काळी ही पहिली मांडणी आम्लाने हलकी खोदून घेत आणि मग कोरणीने पूर्ण करीत. ज्यांना अम्लरेखनाची सवय आहे त्यांनी तसे खुशाल करावे. कोशँला हे तंत्र आतून माहीत होते, कारण आब्राम बॉसची १६४५ची तंत्रपोथी १७४५मध्ये त्यानेच सुधारून पुन्हा काढली होती.

कोरताना

चेहऱ्याला हात लावण्याआधी एका वेगळ्या तुकड्यावर तीन सराव करावेत: सरळ समांतर रेषा, मध्ये फुगणाऱ्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या रेषा, आणि शेवटी एका बिंदूपासून बाहेर पसरत जाणारी एकच नागमोडी नसलेली, शांत सर्पिल रेषा. क्लोद मेलाँने १६४९मध्ये ख्रिस्ताचा पूर्ण चेहरा नाकाच्या टोकापासून सुरू झालेल्या अशा एकाच सर्पिल रेषेने कोरला. छाया द्यायला त्याने केवळ रेषेची जाडी बदलली. रेषेच्या जाडीत किती ताकद असते हे त्या सरावातून हाताला कळते.

पत्रा उशीवर ठेवावा, कोरणी जवळजवळ आडवी धरावी, तर्जनी तिच्या पाठीवर असावी आणि जोर बोटांचा नव्हे, तळहाताचा लावावा. वळण कोरताना उजवा हात जवळजवळ स्थिर राहतो आणि डावा हात पत्र्याला कोरणीकडे फिरवतो. नवशिक्याला हेच सर्वांत अवघड जाते. धार नीट असेल तर टोकापुढे तांब्याचा एक चमकदार, केसासारखा कुरळा तार उठतो आणि जवळजवळ आवाज होत नाही. मूठ किंचित उचलली की रेषा खोल जाते, खाली केली की ती वर येऊन विरते. रेषा जाड हवी असेल तर ती एकदम खोल कोरू नये. त्याच रेषेतून दुसऱ्यांदा, छायेच्या भागापुरतेच जावे. टोक कधीही एकदम उपसू नये, कारण तिथे एक बोथट खड्डा राहतो आणि तो छापल्यावर काळ्या बुंदीसारखा दिसतो.

क्रमाबद्दल माझा आग्रह आहे. आधी पार्श्वभूमी अर्धी कोरावी, मग केस आणि कपडे, मग मान व जबडा, आणि चेहऱ्याचा उजळ भाग शेवटी. पार्श्वभूमीशिवाय कोरलेला गाल चमकत्या तांब्यावर नेहमी फिका वाटतो, म्हणून आपण तो अधिक गडद करत जातो आणि छापल्यावर पश्चात्ताप होतो. दर काही रेषांनंतर कडेला उठलेला तांब्याचा कण स्क्रेपर आडवा धरून काढावा. बोट फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीत लागला पाहिजे. डोळ्यासाठी सर्वांत बारीक कोरणी ठेवावी. बाजूने दिसणारा डोळा हा एक छोटा त्रिकोण असतो, त्यातली बाहुली उभी आणि अरुंद असते आणि तिच्या वर पापणीची एकच ठाम छाया पुरते. ओठांच्या मधली रेषाही सलग ओढू नये. कोपऱ्यात गडद, मध्ये जवळजवळ तुटलेली असावी. गाल आणि कपाळ यांच्या कोऱ्या भागाकडे जाताना रेषा आधी तुटक कराव्यात, मग त्यांच्या ओळीतच कोरणीच्या टोकाने लहान त्रिकोणी ठिपके टोचत जावे. ठिपके रेषेच्या मार्गावरच पडावेत. इकडेतिकडे पडले तर ते देवीच्या वणांसारखे दिसतात.

काम किती झाले हे पाहायला मधूनमधून काजळ आणि थोडे तेल रेषांत चोळून पुसावे, चित्र लगेच उभे राहते. चूक झाली तर घाबरू नये. उथळ रेषा बर्निशर आणि तेल यांनी दाबून बुजते. खोल रेषा स्क्रेपरने खरडावी लागते आणि तिथे खळगा पडतो. त्या खळग्याची जागा पत्र्याच्या पाठीवर नेमकी खूण करून, पत्रा ऐरणीवर पालथा ठेवून, लहान हातोडीने हलके ठोकून पृष्ठभाग वर आणावा आणि पॉलिश करून पुन्हा कोरावे.

छपाई आणि अक्षरे

कागद सुती आणि डिंक कमी असलेला हवा. तो तासभर भिजवून टिपकागदांत ठेवावा, म्हणजे ओलसर राहतो पण चकाकत नाही. पत्रा हाताला सोसेल इतका गरम करून जवसाच्या तेलातली काळी शाई रेषांत भरावी, कडक जाळीदार कापडाने गोल फिरवत पुसावी आणि शेवटी तळहाताला थोडी खडूची पूड लावून हलकेच पुसून घ्यावी. या शैलीला पृष्ठभागावर शाईची झिलई राहणे मानवत नाही. कोरा भाग अगदी कोराच यावा. दोन-तीन फेल्टखाली, भरपूर दाब देऊन, दाबयंत्रातून एकदाच काढावे आणि कागद एका कोपऱ्यापासून सावकाश सोडवावा.

पहिला ठसा वाळल्यावर तो आरशात पाहावा. सर्वांत आधी डोळा कुठे जातो ते टिपावे. तो पार्श्वभूमीच्या एखाद्या जाड रेषेकडे गेला तर ती दाबावी. मानेकडे गेला तर मानेची छेदरेषा फार खोल आहे. माझ्या चित्रांना बहुधा चार-पाच अवस्था, म्हणजे छापून पाहून पुन्हा कोरण्याच्या फेऱ्या, लागतात आणि प्रत्येक अवस्थेचा एक ठसा मी तारखेसह ठेवतो.

नाव सर्वांत शेवटी कोरावे. अक्षरांपूर्वीचे ठसे वेगळे काढण्याची जुनी प्रथा याच क्रमातून आली. रोमन मोठी अक्षरे या शैलीची सवय असली तरी देवनागरीही पाटीवर सुंदर बसते, फक्त शिरोरेषा पाटीच्या कडेला अचूक समांतर हवी आणि अक्षरे उलटी कोरायची हे विसरून चालत नाही. ताम्रपटावर अक्षरे सुलटी असत, छापण्यासाठी ती उलटी लागतात. अशाच कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून १८०५मध्ये मिरजेला भगवद्गीता छापली गेली. आडव्या मात्रा आधी आणि उभे दंड नंतर कोरले तर जोड स्वच्छ येतात.

छपाई संपल्यावर रेषांतली शाई तारपीन आणि मऊ ब्रशने पूर्ण काढावी, नाहीतर ती आत वाळून दगड होते. पत्र्यावर मेणाचा पातळ हात द्यावा, तो वर्तमानपत्रात नव्हे तर कोऱ्या कागदात गुंडाळावा आणि उभा न ठेवता सपाट ठेवावा.